तालुक्याचा वार्ताहर

बाळशास्त्री जांभेकर पोटासाठी पत्रकार नव्हते. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ निघाले तेव्हा ते ऐन विशीत होते. पुढे त्यांनी एल्फिन्स्टनमध्ये शिकवले, शिलालेख आणि ताम्रपट वाचले, शाळा तपासल्या. एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी असे ते पत्र १८४० मध्ये बंद पडले. १८८१ मध्ये ‘केसरी’ काढला तो न्यू इंग्लिश स्कूलच्या मास्तरांनी. ‘दीनबंधु’ कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केला. पुढे तो मुंबईत चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे गिरणीत नोकरी केलेले आणि गिरणी कामगारांची संघटना बांधणारे. लिहिण्यासाठी तुरुंगात जाणारी माणसे या काळात पुष्कळ सापडतात, लिहिण्यावर घर चालवणारी फार थोडी.

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात मी हा इतिहास शिकवते. संपादकांची नावे सांगण्यातच तासिका संपतात आणि एक माणूस दर वर्षी राहून जातो. तो म्हणजे तालुक्याचा वार्ताहर. माझी उमेदीची वर्षे नगरला एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर याच माणसाच्या बातम्या वाचण्यात, तासण्यात, मथळे देण्यात गेली. पत्रकारितेचा व्यवसाय बदलला म्हणजे नेमके काय बदलले, हे मला त्याच्याकडूनच कळले.

खेड्यातून पत्रकारिता करण्याची वाट आमच्याच जिल्ह्यात फार आधी पडली होती. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या लहानशा गावातून ते अर्धशतकाहून अधिक काळ चालवले. सावकारी, भिक्षुकशाही आणि शेतकऱ्याचे हाल हे त्यांचे विषय. पुण्या-मुंबईचे संपादक खेड्याविषयी लिहीत. मुकुंदराव खेड्यात बसून लिहीत. पत्रकारितेच्या पाठ्यपुस्तकांत मात्र त्यांना एखाद-दुसरी ओळ मिळते. हा मला आपल्या अभ्यासक्रमांचा मोठा दोष वाटतो.

वार्ताहर ही जागा रोजच्या कामाची झाली ती ‘सकाळ’पासून. ‘दर्पण’नंतर शंभर वर्षांनी, १ जानेवारी १९३२ रोजी, नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात ते दैनिक सुरू केले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या नानासाहेबांनी अमेरिकेतली वृत्तपत्रे जवळून पाहिली होती. अग्रलेखावर जगणाऱ्या मराठी पत्रसृष्टीत त्यांनी बातमीला पहिले स्थान दिले आणि बातमी हवी तर गावोगाव माणूस हवा, हे ओळखले. बाजारभाव, नळाचे पाणी, एसटीची वेळ या गोष्टी छापण्याजोग्या ठरल्या. पुढे इतर दैनिकांनीही तेच केले. १९६० नंतर जिल्हा परिषदा, साखर कारखाने, बाजार समित्या आल्या आणि तालुक्यात सत्ता बसली. तिच्यावर नजर ठेवणारा माणूस वर्तमानपत्रांना लागणारच होता.

हा माणूस कोण असे? माझ्या डेस्कवर ज्यांचा मजकूर येई त्यांत प्राथमिक शिक्षक होते, वकील होते, औषधाचे दुकान चालवणारे होते आणि बरेचसे पेपरचे एजंट. पहाटे गठ्ठा उतरवून घ्यायचा, पोरांना लाइनवर पाठवायचे, वसुली करायची आणि दुपारी बातमी लिहायची. संध्याकाळी पाकीट नगरकडे निघालेल्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. आमचा शिपाई माळीवाडा स्टँडवर ठरलेल्या गाड्यांची वाट पाहत उभा असे. अकोले तालुक्याची गाडी घाटात अडकली की अकोल्याची बातमी दुसऱ्या दिवशी. फारच तातडीचे असेल तर ट्रंक कॉल किंवा तार.

पाकिटातले कागद मी कधी विसरणार नाही. शाळेच्या जुन्या परीक्षेच्या पेपरांची कोरी बाजू, औषध कंपनीच्या पॅडचे पान, कधी पाठकोरे लग्नपत्रक. अकोल्याचे एक गुरुजी मोत्यासारख्या अक्षरात लिहीत. आदिवासी आश्रमशाळेतल्या धान्याची बातमी त्यांनी पाठवली तेव्हा पोती किती आली, किती उतरवली, ट्रकचा क्रमांक काय, साक्षीला कोण होते, हे सगळे त्यात होते. मला फक्त मथळा द्यावा लागला. शोधपत्रकारितेवरची व्याख्याने मी पुढे खूप ऐकली; पण चार बाजूंनी तपासलेली बातमी कशी असते ते मी त्या कागदावर पाहिले. बातमी छापली ती ‘वार्ताहराकडून’ एवढ्याच शब्दाने. त्यांचे नाव जिल्ह्यात सर्वांना ठाऊक होते, अंकात मात्र येत नसे.

मोबदला कॉलम सेंटिमीटरवर. महिनाभराची कात्रणे कागदावर चिकटवायची, पट्टीने मोजायची, बिल करून पाठवायचे. त्यात टपालखर्च जेमतेम निघे. तरी माणसे लिहीत, कारण त्यांचे घर दुसऱ्या उत्पन्नावर चालत होते. त्या व्यवस्थेत अन्याय होताच. पण वार्ताहराचे पोट वर्तमानपत्रावर नव्हते, म्हणून तो वर्तमानपत्राला आणि गावालाही स्पष्ट बोलू शकत होता.

शहरात याच काळात व्यवसाय आकार घेत होता. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला, १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला. मग पालेकर, बछावत, मणिसाना, मजिठिया असे निवाडे आणि वेतन मंडळे आली. कायद्याच्या व्याख्येत अर्धवेळ पत्रकार बसत होता, पण पत्रकारिता हा त्याचा मुख्य व्यवसाय असावा, अशी अट होती. आमच्या गुरुजींचा मुख्य व्यवसाय शाळा. बहुतेकांकडे तर नेमणुकीचा कागदच नव्हता. ज्येष्ठ पत्रकारांसाठी राज्य सरकारने बाळशास्त्रींच्या नावाने सन्मान योजना आणली, तेव्हा तिला वयाची साठ वर्षे आणि तीस वर्षांचा अनुभव अशी अट होती. तो अनुभव सिद्ध कशाने करायचा? ‘वार्ताहराकडून’ या शब्दाने?

शिक्षणाची कथाही अशीच शहरात घडली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्ये वृत्तपत्रविद्या विभाग सुरू झाला, त्यासाठी अमेरिकेतून रोलंड वुल्झली हे प्राध्यापक आले होते. पुण्यात १९६४ पासून रानडे इन्स्टिट्यूटने मराठी वृत्तपत्रांना कित्येक पिढ्यांची माणसे दिली. मुंबई विद्यापीठाने २००० च्या सुमारास पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला आणि पाहता पाहता महाविद्यालयांतून माध्यम विभाग झाले. तालुक्यापर्यंत पोचले ते यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. वर्षानुवर्षे बातम्या लिहिलेली माणसे रविवारी अभ्यासकेंद्रात बसून वृत्तपत्रविद्येची परीक्षा देत, हे मी पाहिले आहे. शिकण्याची इतकी ओढ मला नियमित वर्गांत क्वचितच दिसली.

मग जिल्हा आवृत्त्या आल्या. फॅक्स आला, मोडेम आला, पाकीट बंद झाले. आता फोटो, मजकूर आणि चित्रफीत घटना घडत असतानाच डेस्कवर पोचते. वेग वाढला, त्याचे मला वाईट वाटत नाही. पूर आला, अपघात झाला, तर एक दिवस उशिरा पोचलेली बातमी कोणाच्याच कामाची नसते. पण आवृत्तीबरोबर आणखी एक गोष्ट तालुक्यात उतरली, ती म्हणजे जाहिरातीचे उद्दिष्ट. पंधरा ऑगस्ट, दिवाळी, आमदारांचा वाढदिवस, आवृत्तीचा वर्धापनदिन. प्रत्येक वेळी पुरवणी आणि प्रत्येक पुरवणीला आकडा. तो आकडा गाठायचा वार्ताहराने. ज्या कारखान्याच्या मळीने ओढा काळा झाला त्याच्याच अध्यक्षाकडे त्याने अर्ध्या पानाची जाहिरात मागायची. ज्या ठेकेदाराचा रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला त्याच्याकडूनच शुभेच्छा घ्यायच्या. आणि आता हा वार्ताहर मास्तर नाही, दुकानदार नाही. तो पदविका घेतलेला तरुण आहे आणि त्याचे घर या कमिशनवर चालते.

माझ्या मते मराठी पत्रकारितेतला सर्वात मोठा बदल हाच आहे. संगणक आणि मोबाइल त्यामानाने लहान. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची चर्चा देशभर झाली, पी. साईनाथ यांनी ती ‘द हिंदू’तून मांडली, प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली. तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. मला बसला नाही. बातमी आणणाऱ्यालाच वसुली करायला लावले की निवडणुकीत काय होणार, हे जिल्हा डेस्कवरच्या कोणालाही आधीच दिसत होते.

एवढे होऊनही तालुक्यात खरी बातमी येते, याचे मला आजही आश्चर्य वाटते. राजापूरचे शशिकांत वारिशे बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीविषयी सातत्याने लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्या दुचाकीला गाडीने धडक देऊन फरफटत नेण्यात आले. त्याच दिवशी त्यांनी लिहिलेली बातमी प्रसिद्ध झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्येच संमत केला होता. मुंबईच्या पत्रकाराभोवती संस्था असते, वकील असतो, सहकारी असतात. तालुक्यातला वार्ताहर ज्याच्याविरुद्ध लिहितो त्याच्याच गल्लीतून सकाळी दूध आणायला जातो.

माझ्या वर्गातल्या मुलांना वृत्तनिवेदन करायचे असते, पॉडकास्ट करायचा असतो, स्वतःचे चॅनेल काढायचे असते. त्यात गैर काही नाही. पण सातबारा वाचता येणारा, ग्रामपंचायतीचा जमाखर्च मागून घेणारा, बाजार समितीच्या लिलावात तासभर उभा राहणारा विद्यार्थी मला वर्षाकाठी एखादाच भेटतो, आणि ते शिकवणारा पेपरही अभ्यासक्रमात नाही.

म्हणून माझे सांगणे दोघांना आहे. पत्रकारिता शिकवणाऱ्या विभागांनी विद्यार्थ्याला किमान एक सत्र तालुक्याच्या गावी, जुन्या वार्ताहराच्या हाताखाली ठेवावे आणि त्या वार्ताहराला शिक्षक म्हणून मानधन द्यावे. वृत्तपत्रांनी आपल्या प्रत्येक वार्ताहराला नेमणुकीचे पत्र द्यावे, बातमीवर त्याचे नाव छापावे आणि जाहिरातीचे काम उद्यापासून दुसऱ्या माणसाकडे सोपवावे.