पूर ओसरल्यानंतरचे ७२ तास

सप्टेंबर २०२५च्या चौथ्या आठवड्यात चांदणी, खासापुरी आणि सीना-कोळेगाव धरणांतून विसर्ग वाढला आणि सीना नदी माढा तालुक्यात पात्र सोडून वाहू लागली. कुर्डुवाडीच्या पंचक्रोशीत दारफळ, उंदरगाव, केवडसारख्या नदीकाठच्या गावांना वेढा पडला. पूर सगळ्यांनी पाहिला. पाणी उतरल्यावर घराच्या आत काय घडतं, त्याचा हा घटनाक्रम.

तास ० : पाणी उंबऱ्याबाहेर जातं. भिंतीवर गाळाची रेघ राहते. ओल मात्र त्या रेघेवर थांबत नाही. विटा-मातीतून आणखी वर चढते.

तास ६ : गाळ उपसून झाला. फरशी सुकली, म्हणजे घर सुकलं असं वाटतं. भिजलेल्या गाद्या, वाकळा, ज्वारीची पोती भिंतीला टेकवून रचली जातात. वीज नाही, त्यामुळे पंखाही नाही.

तास १२ : बुरशीचे बीजाणू हवेत बाराही महिने असतात. ओलं लाकूड, कापूस, पुठ्ठा मिळाला की ते रुजू लागतात. डोळ्यांना अजून काहीच दिसत नाही.

तास २४ : कुबट वास सुटतो. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तर आतली ज्वारी कोमट लागते.

तास ४८ : भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरते, हा जगभरच्या आरोग्य यंत्रणांचा इशारा. प्लायवूडच्या कपाटामागे पांढरे-हिरवे ठिपके उठतात.

तास ७२ : भिंतीवर काळे डाग दिसू लागतात. दमेकऱ्याला धाप लागते, लेकरं खोकतात. बुरसटलेलं धान्य धुऊन, वाळवून दळलं तरी उपयोग नाही. काही बुरशींचं विष भाकरी भाजूनही जात नाही.

त्यानंतर : तलाठी पंचनाम्याला येतात. अंशतः पडझडीच्या मदतीसाठी किमान १५ टक्के नुकसान लागतं. उभी असलेली, पण आतून भिजलेली भिंत त्या कागदावर येत नाही. मातीची भिंत तर वाळताना भेगाळते आणि लख्ख ऊन पडल्यावरही ढासळते.

म्हणून फोटो काढा आणि भिजलेलं सामान लगेच बाहेर काढा. पंचनाम्याची वाट पाहत घरात ठेवू नका. गिलावा ठोकून पाहा, पोकळ वाजला तर उतरवा. डागांवर चुना फासू नका. अभियंत्याकडून किंवा जाणत्या गवंड्याकडून भिंती आणि वायरमनकडून वायरिंग तपासून घेतल्याशिवाय त्या घरात मुक्काम करू नका.