सेनियोकाठचे मौन

जर्मनीची ३६२वी पायदळ डिव्हिजन १९४३च्या अखेरीस इटलीत उभी राहिली, १९४४मध्ये अँझिओला लढली आणि एप्रिल १९४५च्या दोस्त आक्रमणात मोडली. त्याच आक्रमणाच्या पहिल्या संध्याकाळी, ९ एप्रिलला, तत्कालीन नगर जिल्ह्यातील मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी सेनियो नदीच्या पाण्यातून दोन जखमी सोबत्यांना आणले आणि तीन मशीनगन-ठाणी निकामी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

जर्मन डिव्हिजनच्या हालचाली दप्तरात राहिल्या. मराठी शिपायाच्या वाट्याला इंग्रजी मानपत्रातला परिच्छेद आला. असोद्याच्या लेकीची, बहिणाबाईंची, गाणी टिकली, कारण सोपानदेवांनी ती टिपून ठेवली. सेनियोकाठच्या बोलीला असा लेखनिक क्वचितच लाभला. म्हणून शौर्याइतकेच हे मौनही आम्ही इतिहासाचे साधन मानतो.