विदर्भातील लोखंडाची जन्मकथा

घाटंजीच्या परिसरात वखराची पास, नांगराचा फाळ, विळा वा कुऱ्हाड नाही असे शेतकऱ्याचे घर विरळाच. परंतु ते लोखंड दगडातून कसे निघाले, असे मुलांस विचारले तर ती कारखान्याकडे बोट दाखवितात. वस्तुतः ही विद्या आपल्या विदर्भात कारखान्यांहून कितीतरी प्राचीन आहे, हे ज्ञातिबांधवांच्या ध्यानी यावे म्हणून हा अल्प प्रयत्न.

नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. तिचा काळ इ. स. पूर्वी सुमारे ७०० मानला जातो. अशा भट्टीत लोहदगड व लाकडी कोळसा भरून भात्याने वारा घालीत. जळत्या कोळशाचा वायू दगडातील प्राणवायू ओढून घेई व लोखंड मोकळे होई. शुद्ध लोखंड वितळण्यास सुमारे १५३८ अंश उष्णता लागते. इतकी उष्णता तेथे मिळत नसे. म्हणून लोहकीट वितळून वेगळे होई आणि लोखंडाचा सच्छिद्र गोळा मागे राही. तो तापवून घणाखाली ठोकला म्हणजे उरलेले कीट झडून जाई.

एकोणिसाव्या शतकात परदेशी स्वस्त लोखंड आले, जंगलांवर निर्बंध पडून कोळसा दुर्मिळ झाला आणि गावोगावच्या भट्ट्या विझल्या. १८८२ साली चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहदगडाविषयीचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. परंतु वरोऱ्याचा कोळसा या कामी निरुपयोगी ठरला. त्यांच्या पश्चात १९०७ साली कंपनी स्थापन झाली व कारखाना दूर साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, उभा राहिला. दगड आपल्याकडेच राहिला!

नायकुंडच्या कारागिरांचे नाव आज कोणासही ठाऊक नाही. मागे उरले ते केवळ कीट. पोलाद कोणत्या रंगावर आले असता पाणी द्यावे, हे ज्ञान डोळ्यांत व हातांत असते; ते हात थकले की तेही जाते. म्हणून ज्या घरांत भाता व ऐरण होती, तेथील मुलामुलींनी वडीलधाऱ्यांजवळ बसून हत्यारांची नावे व कामाची रीत वहीत उतरवून घ्यावी, ही नम्र विनंती. पूर्वजांचे हे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.