नाकारलेलं छत्र

शेळगाव फाट्यावर तुकोबांची पालखी दिसायच्या कितीतरी आधी टाळ ऐकू येतात. मग ओळीने पताका, डोईवर तुळस घेतलेल्या बाया, दिंड्या आणि बैलांनी ओढलेला रथ. रथाशेजारी अब्दागिरी, गरुडटक्के, चवऱ्या, हातात दंड घेतलेले चोपदार. दरवर्षी मी हा थाट डोळे भरून पाहतो आणि दरवर्षी मनात तोच प्रश्न येतो, हे सगळं तुकोबांसाठी?

कारण हाच थाट त्यांनी नाकारला होता. शिवाजी महाराजांकडून मशाली, छत्र, घोडे आल्याची आठवण परंपरेने जपली आहे आणि हा मान आपल्या हिताचा नाही, यात मला का गुंतवतोस, असं पंढरीनाथाला विचारणारा त्यांचा अभंग गाथेत आहे.

पालखी हा शब्द मुळात अंथरुणाचा. संस्कृत पर्यंक म्हणजे पलंग. त्याचंच दुसरं रूप पल्यंक, त्यातून पलंग आला आणि पालखीही. पुढे मराठेशाहीत ती मानाची खूण झाली. पालखीचा मान दरबारातून मिळायचा आणि तिच्या खर्चाला वेगळी नेमणूक असायची. तुकोबा 1650 साली गेले. त्यानंतर जन्मलेले त्यांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका त्याच पालखीत घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. वारी त्याआधीही होती, तुकोबांच्या घराण्यात तर पिढ्यान्‌पिढ्यांची. नवी होती ती पालखी. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा एका श्वासातला गजर याच जोडीने रुजवला.

पुढे देहूकर घराण्यात वाद झाले. शिंद्यांच्या पदरी सरदार असलेले, साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतरावबाबा यांनी 1832च्या सुमारास माउलींची, म्हणजे ज्ञानेश्वरांची, पालखी वेगळी काढली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले. माउलींचे अश्व आजही अंकलीहूनच येतात. दिंड्यांचा क्रम, चोपदाराने दंड उंचावताच पडणारी शांतता, यात मला लष्करी छावणी दिसते. सरदाराला जी शिस्त ठाऊक होती तीच त्याने देवाला वाहिली.

देव पालखीत बसवून गावातून नेण्याची हौस साऱ्या जगाला आहे. जपानी चित्रकार हिरोशिगेने 1856 साली एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, सान्नो उत्सवाचं चित्र लाकडी ठशांतून छापलं. त्यात नगाऱ्यावर उभा असलेला भलामोठा कोंबडा अगदी पुढ्यात येतो. ती मिरवणूक शोगुनाच्या किल्ल्यात जायची आणि तो ती पाहायचा. तिथेही देव माणसांच्या खांद्यावर असतो, मिकोशी नावाच्या बंद देव्हाऱ्यात.

आमच्याकडे मात्र राजा बघायला बसलेला नसतो. काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, धनगर रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण धरतात. बेलवाडीच्या गोल रिंगणात पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी धावतात आणि मग अश्व सुटतो. राजाकडून आलेलं छत्र तुकोबांनी परत केलं. परटाचं धोतर परत करायला ते इथे नाहीत, आणि असते तरी त्यांनी ते केलं नसतं असं मला वाटतं.

घोडा फाट्यावरून पुढे गेला की बाया रस्त्यावर वाकतात. टापांखालची माती चिमटीत घेऊन आधी लेकराच्या कपाळाला लावतात, उरलेली स्वतःच्या. डांबरी रस्त्यावर माती फार नसते, म्हणून जरा शोधावी लागते.