समुद्र पाहण्याचे तिकीट आणि ‘सार्वजनिक’ या शब्दाचा इतिहास

१/ गेल्या हिवाळ्यात आजीला घेऊन समुद्र पाहायला गेले होते. अहेरीहून बसने बल्लारशाह, तेथून रेल्वेने पूर्व किनारा. आजीचे सारे आयुष्य प्राणहितेच्या काठी गेले. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. किनाऱ्याला कुंपण होते, फाटक होते आणि तिकीटखिडकी होती. आजीने विचारले, “समुद्र पाहाले पैसे कायले?” तिच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधण्याचा हा प्रयत्न. #थ्रेड

२/ प्रथम तिकिटाची बाजू. तो किनारा ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालेला होता. १९८५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या या मानांकनासाठी पाण्याची शुद्धता, सुरक्षितता, स्वच्छता असे ३३ निकष पाळावे लागतात. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातील आठ किनाऱ्यांना ते एकदम मिळाले. जीवरक्षक, स्वच्छतागृहे आणि कचरा उचलणारे हात यांना खर्च येतोच. आजीला बसायला स्वच्छ वाळू मिळाली, हेही खरे.

३/ पण आजीचा प्रश्न फार जुना आहे. इ.स. ५३३ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्यामुळेच समुद्राचा काठ, या गोष्टी निसर्गनियमाने सर्वांच्या मानल्या आहेत. ‘त्यामुळेच’ हा शब्द महत्त्वाचा. काठ बंद झाला की समुद्रही बंद होतो.

४/ मात्र ग्रंथात ‘सर्वांचे’ लिहिले म्हणून ते सर्वांना मिळते काय? आपल्याकडे हा प्रश्न महाडच्या तळ्याकाठी विचारला गेला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने संमत केला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सर्वांचे झाले. काठावर काहीच बदलले नाही.

५/ २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. परतणाऱ्या सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

६/ त्यानंतर विरोधक न्यायालयात गेले. त्यांचा दावा काय होता? तळे सार्वजनिक नाही, खाजगी आहे! येथे क्षणभर थांबावे. सर्वांची वस्तू काहींपुरती राखायची असेल, तर आधी तिला खाजगी ठरवावे लागते. खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला.

७/ एक खबरदारी. तिकीट आणि अस्पृश्यता यांची बरोबरी होऊ शकत नाही. तिकीट पैसे देऊन काढता येते. जन्मावरून केलेली बंदी कशानेही फिटत नसे. महाडकडून आपण घ्यायची ती केवळ कसोटी : जागा सार्वजनिक आहे की नाही हे पाटीवरून ठरत नाही, दारातून कोण परत जातो यावरून ठरते.

८/ हीच कसोटी अमेरिकेत थेट समुद्रकिनाऱ्याच्या तिकिटाला लागली. आज अनेक मराठी कुटुंबे जेथे राहतात त्या न्यू जर्सी राज्यातील ॲव्हन-बाय-द-सी या गावाने किनाऱ्यावर रहिवाशांना स्वस्त दर आणि बाहेरच्यांना महाग दर लावला. शेजारच्या नेपच्यून सिटीने दावा ठोकला. १९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले : शुल्क घ्या, पण सर्वांना सारखे. किनारा जनतेचा आहे, गाव त्याचे केवळ विश्वस्त.

९/ हे विश्वस्ततत्त्व भारतातही आले. हिमाचलमधील बियास नदीच्या काठावरील अतिक्रमणाच्या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रोमन कायद्याचा दाखला देत ते स्वीकारले : नद्या, किनारे, वने यांचे सरकार विश्वस्त आहे. विश्वस्ताने राखण करावी. मालकी सांगू नये.

१०/ म्हणून तिकीटखिडकीसमोर दोन प्रश्न विचारायला हवेत. हा पैसा किनाऱ्यावरच खर्च होतो काय? आणि ज्याच्या खिशात तो नाही, त्याच्यासाठी समुद्राकडे जाणारी दुसरी वाट उघडी आहे काय? पहिल्याचा हिशेब मागता येतो. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर शुल्काचे कुंपण झाले असे समजावे.

११/ प्राणहितेचे पाणी सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि तिच्यासोबत त्याच बंगालच्या उपसागरात जाते. एप्रिल २०२२ मध्ये बारा वर्षांनी पुष्कर आला, तेव्हा सिरोंच्याच्या घाटांवर भाविकांची रीघ लागली होती. उद्या आपल्या नदीकाठी सुशोभीकरण येईल, कदाचित फाटकही येईल. तेव्हा आजीचा प्रश्न विसरू नका.

१२/ परतताना मी तिला विचारले, “कसा वाटला समुद्र?” ती म्हणाली, “आपलंच पाणी हाय ना थे.” तुमच्या गावातला कोणता काठ, तळे किंवा घाट पूर्वी खुला होता आणि आज बंद आहे? खाली जरूर लिहा. स्थानिक इतिहासाची सुरुवात अशा नोंदींपासूनच होते.