रंगस्थळे : निफाड व नाशिक परिसर

निफाड हा नाशिक जिल्ह्यातील कांदा-द्राक्षांचा तालुका. पक्क्या नाट्यगृहांपुरते पाहिले, तर रंगस्थळांच्या इतिहासात अशा तालुक्याला जागाच उरत नाही. म्हणून देवळापुढचे पटांगण, यात्रेचे मैदान आणि तमाशाचा तंबूही येथे विचारात घेतला आहे.

विष्णुदास भावे यांचा १८४३ चा पहिला खेळ सांगलीच्या राजाश्रयात झाला. १८५३ मध्ये त्यांची मंडळी मुंबईच्या ग्रँट रोड थिएटरात उतरली आणि दर्शनी कमान, पडदा, विंगा ही इंग्रजी मांडणी मराठी नाटकाने आपलीशी केली. रंगवलेले पडदे घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांना पुढे शहरोशहरी बंदिस्त थिएटरे लाभली. नाशिकचे विजयानंद थिएटर त्यांपैकीच. २१ डिसेंबर १९०९ रोजी तेथे ‘संगीत शारदा’च्या प्रयोगप्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. साहेब आणि शहरातली मंडळी एका छताखाली येत, असे हे सार्वजनिक ठिकाण होते.

स्वातंत्र्यानंतर नाट्यगृहे उभारणे हे नगरपालिका-महापालिकांचे काम झाले. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर (१९६८) हे त्याचे ठळक उदाहरण. नाशिकचे महाकवी कालिदास कलामंदिर त्याच परंपरेतले.

तंबूचा तमाशा मात्र आपले रंगस्थळ बरोबर घेऊनच गावात येतो. सकाळी ट्रक मैदानात लागतात, दुपारपर्यंत फळ्यांचा उंच मंच उभा राहतो, मागे कलावंतांच्या राहुट्या पडतात, चौफेर कनात ताणली जाते आणि दाराशी तिकीटखिडकी बसते. प्रेक्षक जमिनीवर बसतात. गण, गौळण, बतावणी, वग असा खेळ संपला की सारे उतरवून पुढच्या गावचा रस्ता. दसऱ्याच्या सुमारास सुरू होणारा हा हंगाम यात्रा-जत्रांच्या तिथींवर चालतो. हजारोंना सामावणारी आणि रातोरात हलणारी ही रचना अनुभवी कामगारांच्या हातची आहे. तिला तात्पुरती सोय म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातील बोहाड्यात तर मुखवटे घातलेली सोंगे गावाच्या रस्त्यावरूनच नाचत येतात.

पक्क्या रंगमंचाशीही निफाडचे नाते आहे. नाटककार वि. वा. शिरवाडकर यांचे प्राथमिक शिक्षण याच तालुक्यातील पिंपळगाव बसवंत येथे झाले. त्यांचे ‘नटसम्राट’ १९७० मध्ये मुंबईच्या रंगमंचावर आले. अशा पक्क्या रंगमंदिरांच्या नोंदी, आराखडे, छायाचित्रे बऱ्याच अंशी जपली गेली आहेत. तंबू उभारणारे जुने हात अजून कामावर आहेत, तोवर कनातीची मापे आणि मंचाची बांधणीही नोंदवून घ्यायला हवी.