बंगलोर टॉर्पेडो
६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर काटेरी तारा उडवणाऱ्या अस्त्राच्या नावात आपलं बंगळूर होतं. १९१२ साली इथल्या मद्रास सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंता दलातील कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी ते घडवलं. स्फोटकं भरलेल्या, पाचेक फुटी नळ्या एकमेकींना जोडून तारांखाली सरकवायच्या. टोक गुळगुळीत, म्हणजे कुठे अडकत नाही. ‘टॉर्पेडो’चं मूळ लॅटिन ‘टॉर्पेरे’, अर्थात बधिर होणं. विजेचा झटका देणाऱ्या माशाचं हे नाव पुढे पाण्यातल्या सुरुंगाला आणि मग या नळीलाही मिळालं. २०१४ मध्ये शहर इंग्रजीतही बेंगळुरू झालं. सैनिकांच्या बोलीत मात्र ‘बंगलोर’ टिकलं. तारांपुढे खोळंबून गोळ्या झेलणाऱ्या कित्येक जवानांना या नळीनं वाट करून दिली. बंगळूरकरांनी हे नाव अभिमानानं लक्षात ठेवायला हवं.